दोघांनी गाडी काढून निवांत फिरायचं असेल तर: कोल्हापुरातनं पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

चार वर्षं झाली, मी आणि माझा एक दोस्त महिन्यातनं दोन सकाळी गाडी काढतो आणि कोल्हापूरच्या भोवतीनं फिरून दुपारी जेवायला घरात. क्लब नाही, जॅकेटवर बिल्ले नाहीत, माझी १२५ सीसी आणि त्याची जुनी १५०, वेग चाळीस-पंचेचाळीस. ऑफिसातली, गल्लीतली पोरं सारखी विचारत असतात की "भावा आम्हाला पण यायचंय, कुठनं सुरू करू", आणि दर वेळी मी तेच तेच सांगतोय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. लडाखला किंवा गोव्याला जाणाऱ्यांनी हे वाचून उपयोग नाही, हे फक्त ज्याला बांधावर गाडी लावून अर्धा तास नुसतं बसायचंय त्याच्यासाठी आहे.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं उलटं केलं. किलोमीटर मोजायचो, सहा तासात अमुक गाठलं म्हणून स्टेटस ठेवायचो, आणि घरी आल्यावर मान धरलेली आणि डोक्यात फक्त ट्रकची मागची बाजू. हळू जायचं म्हणजे नुसतं अॅक्सिलरेटर कमी पिळणं नव्हे. हळू जायला वेळ, रस्ता आणि जोडीदार तिन्ही आधी ठरवायला लागतात, नाहीतर दहाव्या किलोमीटरला तुम्ही परत ऐंशीवर असता.

१. आधी माणूस ठरवा, गाडी नंतर

एकच दोस्त घ्या. तिसरा आला की नाष्टा कुठं करायचा यावर मतदान सुरू होतं, चौथा आला की दोघं पुढं पळतात आणि दोघं मागं फोन लावत बसतात. आणि दोस्त जवळचा असला म्हणजे गाडीवर जमेल असं अजिबात नाही हां. माझा एक लहानपणापासूनचा मित्र आहे, जीव देईल माझ्यासाठी, पण कुणी ओव्हरटेक केलं की ह्याच्या अंगात येतं. त्याच्याबरोबर मी मिसळ खातो, गाडी काढत नाही.

पारख करायची असेल तर एका संध्याकाळी वीस किलोमीटरवर पन्हाळ्याला जाऊन या. तीन गोष्टी बघा. मागनं कुणी हॉर्न मारत आला तर तो बाजूला होतो का. "थांब जरा, ते बघ" म्हटल्यावर वैतागतो का. आणि गप्प बसू शकतो का, कारण चार तासात एक तास तरी काही बोलण्यासारखं नसतं.

जमतंय असं वाटलं की निघायच्या आधी बोलून घ्या: घरी किती वाजेपर्यंत पोचायचं, पैसे कसे (आम्ही तीनशे-तीनशे काढून एकाच खिशात टाकतो, पेट्रोल ज्याचं त्याचं), घरी पोचेपर्यंत पिणं नाही. आणि दोघातल्या कुणीही "फिरूया मागं" म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही. हे शेवटचं मला महागात पडून कळलंय. जुलैत गगनबावडा रोडला मांडुकलीजवळ पाणी रस्त्याच्या कडेला आलेलं, एसटी अजून जात होती. दोस्त म्हणाला फिरूया. मी तोंड पाडलं, अख्ख्या वाटेत त्याच्याशी बोललो नाही, भित्रा म्हणून मनात शिव्या दिल्या. संध्याकाळी बातमी, रस्ता बंद. पुढं गेलो असतो तर पलीकडं अडकून बसलो असतो आणि घरी काय सांगायचं हाही प्रश्नच होता.

२. एक गाडी का दोन?

सुरुवातीला एकच न्या, आणि दोघांनाही चालवता येत असेल तर उत्तम, दर पंचवीस-तीस किलोमीटरला सीट बदलायची. मागं बसणाऱ्याला खरी मजा असते, त्याला खड्डे बघायचे नसतात, त्यामुळं शेतात काय चाललंय ते त्यालाच दिसतं. गप्पाही होतात. तोटा एवढाच की १००-१२५ च्या गाडीवर घाटात दोघं म्हणजे सेकंड गिअर, आणि सीट कडक असेल तर साठ किलोमीटरनंतर मागचा उभाच राहतो.

दोन गाड्या नेल्या तर ज्याची गाडी दुबळी किंवा हात नवा तो पुढं, त्याच्या वेगानं मागच्यानं यायचं. लोक नेमकं उलटं करतात, मग मागचा बिचारा पुढच्याला गाठायला जीव खाऊन पळवतो. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही, आमच्याकडचे रस्ते तेवढे रुंद नाहीत. पुढचा थोडा उजवीकडं, मागचा थोडा डावीकडं, मध्ये दोन सेकंदाचं अंतर. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसला की मगच वळायचं. दोन छोटे हॉर्न म्हणजे "थांबतोय", एवढी एक खूण पुरते.

३. कागदं आणि सामान

कागदं:

- लायसन्स, दोघांचंही, मधनं सीट बदलणार असाल तर हे विसरू नका. गिअरच्या गाडीचं पाहिजे, नुसतं विनागिअर चालत नाही.
- आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधले चालतात, गॅलरीतला फोटो म्हणजे कागद नव्हे. पीयूसीची तारीख आजच बघा, सगळ्यांची तीच संपलेली असते.
- गाडी वडिलांच्या नावावर असेल तर अडचण नाही, पण पॉलिसी एकदा उघडून वाचा, मागं बसणाऱ्याला कव्हर आहे का ते त्यात लिहिलेलं असतं.
- हेल्मेट दोन, आयएसआयची. मागच्यालाही सक्तीचं आहे, आणि सक्ती नसती तरी घाला.

मी कागदांच्या ओरिजिनल प्रती बॅगेत घेऊन फिरायचो. एकदा गुऱ्हाळावरनं काकवी घेतली, प्लॅस्टिकच्या बाटलीत, तीच बॅगेत ठेवली. उन्हानं बाटली फुगली, टोपण सुटलं, आणि घरी येऊन बघतोय तर आरसी, इन्शुरन्स, रुमाल, चार्जर सगळं एकजीव. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग बॅगेपासनं थेट खिडकीपर्यंत. तेव्हापासनं कागद मोबाईलात आणि काकवी स्टीलच्या डब्यात.

सामान:

- गाडीचं टूलकिट आणि प्लग पाना
- ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप, ट्यूब असेल तर एक स्पेअर ट्यूब (लावायला नाही आली तरी गावातला पंक्चरवाला लावेल, पण ट्यूब त्याच्याकडं असेलच असं नाही)
- क्लच केबल, चिकटपट्टी, चार केबल टाय, सुतळी
- टॉर्च, पॉवर बँक, पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या, बँडेज
- रेनकोट जूनपासनं ऑक्टोबरपर्यंत कायम, एप्रिल-मेमध्येपण, का ते पुढं येतंय
- सुट्टे पैसे, डोंगराकडं नेटवर्क गेलं की क्यूआर कोड नुसता बघायला
- एक जुनं खुरपं. हसू नका, हेपण पुढं येतंय.

४. आदल्या रात्री गाडी बघा, सकाळी नाही

हवा गार टायरला भरायची, किती ते चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, डबल सीटचा आकडा वेगळा असतो तो बघायचा. चेन बोटानं खालीवर हलवून बघा, दोन-तीन सेंटीमीटर हलली तर ठीक, लोंबत असेल तर ताणून घ्या, साधारण ५०० किलोमीटरला तेल. दोन्ही ब्रेक, हेडलाईट, मागची लाईट. मागची लाईट लोक कधीच बघत नाहीत कारण ती स्वतःला दिसत नाही. पेट्रोल कोल्हापुरातनंच फुल करून निघा.

५. महिना बघून रस्ता निवडा

आमच्याकडं कुठला रस्ता चांगला असं विचारून चालत नाही, कधी जाणार ते आधी सांगायला लागतं.

*जून ते सप्टेंबर.* सगळ्यांना याच दिवसात जायचं असतं आणि याच दिवसात सगळ्यात जास्त लोक आपटतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती हे बघितल्याशिवाय निघायचं नाही: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रेडेडोह फुटला, म्हणजे पंचगंगेचं पाणी पात्र सोडून बाहेर पसरलं, असं कानावर आलं की पन्हाळ्याकडं जायचा केर्लीचा रस्ता विसरा. पश्चिमेकडं भात लावणीच्या दिवसात चिखलगट्टा करून ट्रॅक्टर केजव्हीलसकट (चिखलात घालायची लोखंडी चाकं) डांबरीवर येतात आणि मागं चिखलाच्या पट्ट्या सोडतात. ओल्या डांबरावर तो चिखल म्हणजे साबण. वळणाच्या आतल्या बाजूला शेवाळ असतं तेही धरा.

*ऑक्टोबर, नोव्हेंबर.* माझ्या मते हेच खरे दिवस. पाऊस उघडलेला, ओढे अजून वाहतायत, भात पिवळं पडलेलं, हवा स्वच्छ. मसाई पठारावर फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पण गाडी पठाराच्या कडेला लावून चालत जा, गवतावरनं टायर फिरवणाऱ्यांना काय म्हणायचं ते मी इथं लिहू शकत नाही. डोंगराकडच्या गावात मळणीसाठी पीक डांबरावरच पसरलेलं असतं, त्या काडावरनं ब्रेक न मारता सरळ जायचं.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* थंडी, धुकं, गुऱ्हाळं, हुरडा. आणि ऊस. उसाबद्दल वेगळं लिहितो.

*मार्च ते मे.* साडेपाचला निघा, दहाला घरात. करवंदं-जांभळं खायला हेच दिवस. पण दुपारनंतर वळीव येतो, आणि वळीव म्हणजे आधी वारा, मग धूळ, मग झाडाची फांदी आणि मग पाऊस. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर सांडलेलं ऑईल वर येतं, तासभर थांबलेलं बरं.

६. पहिले तीन रस्ते

*नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर.* सगळ्यात सोपा, सगळा सपाट, घाट नाही. वाडी साधारण ४५ किलोमीटर, तिथं कृष्णा-पंचगंगेचा संगम, नदीच्या घाटावर बसायचं, कवठाची बर्फी घ्यायची. पुढं कुरुंदवाडवरनं खिद्रापूरला कोपेश्वर. बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळातलं देऊळ, पुढचा स्वर्गमंडप गोल, ४८ खांबांचा, आणि वर मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. दुपारी बाराच्या आसपास त्या उघड्या गोलातनं ऊन खाली दगडी तबकडीवर पडतं तेव्हा आम्ही दोघं तिथं वीस मिनिटं काही न बोलता उभे होतो. आणखी एक बघा, देवासमोर नंदी नाही. भर पावसात या बाजूला जाऊ नका, वाडीत पाणी चढतं. दक्षिणद्वार सोहळा (पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तो) बघायचा असेल तर ती गर्दी गाडीवाल्यांची नाही, एसटीनं जा.

*गगनबावडा.* साधारण ५५ किलोमीटर. रंकाळा, फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, कळे, साळवण, असळज. सुरुवातीला नुसता ऊस, मग हळूहळू भात, मग डोंगर जवळ यायला लागतात आणि हवा बदललेली नाकाला कळते. गगनबावड्याच्या अलीकडं पळसंब्याला उतरा, ओढ्यातल्या अख्ख्या दगडात कोरलेलं रामलिंगाचं देऊळ आहे, बरेच लोक गगनगडावर जायच्या घाईत ते सोडूनच जातात. पुढं करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. पहिल्या फेरीत उतरू नका. घाटाच्या तोंडाशी थांबायचं, चहा-भजी खायची, खाली ढग बघायचे आणि परत. उतरायला लई सोपं वाटतं, परत चढताना दुपार झालेली असते आणि अजून ५५ किलोमीटर बाकी असतं.

*राधानगरी, दाजीपूर.* हळदी, भोगावती करत राधानगरी साधारण ५० किलोमीटर. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठराविक पातळीला आलं की आपापले उघडतात, माणूस लागत नाही. पावसाळ्यात "राधानगरीचे दरवाजे उघडले" हे ऐकलं की नदीकाठचा माणूस जनावरं सोडायला लागतो, आणि आपण फिरायला निघालो असू तर गाडी परत स्टँडवर लावायची. धरणाच्या पुढं दाजीपूरकडचा रस्ता जलाशयाच्या काठानं जंगलातनं जातो, माझा सगळ्यात आवडता. अभयारण्याच्या गेटातनं आत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ते बंद असतं, पण डांबरी रस्ताच एवढा भारी आहे की आत गेलंच पाहिजे असं काही नाही.

गवा दिसला तर गाडी लांबच थांबवा, इंजिन बंद, हॉर्न नाही, मोबाईल काढून पुढं जायचं नाही. एक रस्ता ओलांडून गेला म्हणून लगेच निघू नका, मागं कळप असतो. आम्ही एकदा असेच पंधरा मिनिटं थांबलो, पाच गेले, गाडी चालू करणार तेवढ्यात झाडीतनं सहावा. त्याचे पाय गुडघ्याच्या खाली पांढरे, कुणी मोजे घातल्यासारखे. आमच्याकडं बघितलं, नाकातनं फुसकन आवाज काढला आणि गेला. दोस्तानं माझा खांदा एवढा धरलेला की रात्री बघितलं तर बोटं उठलेली.

७. बंधाऱ्यावरनं गाडी कशी न्यायची

हा भाग मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण आपल्याकडच्या फिरण्यातली खरी गंमत हायवेला नाही, नदीच्या या काठावरनं त्या काठावर जाण्यात आहे. के.टी. बंधारा सगळे म्हणतात, त्यातलं के.टी. म्हणजे कोल्हापूर टाईप, हे बाहेरच्याला सांगा, छाती फुगते. दगडी खांब, मधल्या खाचात पावसाळा संपला की बरगे घालतात, पाणी अडतं, पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात. वरनं जेमतेम एक चारचाकी जाईल एवढा रस्ता, कित्येक ठिकाणी कठडा नाही.

नियम साधा: जो आधी चढला तो आधी उतरणार. पलीकडनं वैरणीचा भारा बांधलेली एम-एटी (जुनी छोटी दुचाकी) येत असेल तर तुम्ही काठावर थांबा, भारा दोन्ही बाजूनं बाहेर आलेला असतो. फर्स्ट गिअर, पाय पेगवर, नजर पलीकडच्या काठावर, पाण्याकडं नाही. मागचा उतरून चालत आला तर त्यात कमीपणा नाही. बंधाऱ्यावरनं पाणी जात असेल, घोट्याएवढं का असेना, तर जायचंच नाही. गावातली पोरं जातात कारण त्यांना कुठला दगड कुठं आहे ते माहीत असतं.

जानेवारीतल्या सकाळी भोगावतीवरच्या एका बंधाऱ्याच्या अलीकडं गाडी लावून बघा. बरग्यांच्या फटीतनं पाणी चिरकांड्या उडवत असतं, वरच्या अंगाला डोहात म्हशी, नुसती डोकी वर, आणि पाण्यावर वाफ. एक पोरगं सायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवून बंधाऱ्यावरनं एका हातानं चालवत येतं, दुसरा हात खिशात. आपण दोन्ही हातांनी हँडल आवळून चाललेलो असतो.

८. गुऱ्हाळावर थांबायचं कसं

सीझनला उसाच्या फडापलीकडं पांढरा धूर दिसला आणि वास आला की गाडी वळवा. पण आधी हाक द्या. "मामा, येऊ का बघायला?" एवढं पुरतं. न विचारता मोबाईल काढून आत शिरलेलं कुणालाच आवडत नाही, तिथं लोक पहाटेपासनं आगीसमोर राबत असतात.

आत गेलात तर काईलीपासनं (रस उकळायची मोठी कढई) लांब उभं राहा, उकळता रस उडतो. रसात भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते ती काढतात, खाली चुलवाणात, म्हणजे भट्टीत, उसाचं चिपाड घालणं चालूच असतं. बघण्यासारखा माणूस म्हणजे गुळव्या. तो थर्मामीटर बघत नाही, पाक थोडा पाण्यात टाकतो, बोटानं गोळी करतो, एकदा दाबतो आणि "उतरा" म्हणतो. मग तीन-चार जण मिळून काईल वाफ्यात पालथी करतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं, तुम्ही फोनमध्ये असाल तर चुकलं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते ह्या बोटांच्या जोरावर, असं माझं मत.

रस पाजतीलच, बऱ्याच ठिकाणी पैसे घेत नाहीत, मग किलोभर गूळ विकत घ्या. स्टीलच्या डब्यात.

९. कुठं फसाल

*मॅपचा शॉर्टकट.* मोबाईलच्या नकाशाला डांबरी आणि पाणंद यातला फरक कळत नाही. शिरोळच्या बाजूला आदल्या रात्री पाऊस झालेला आणि मॅपनं चार किलोमीटर वाचवतो म्हणून आम्हाला उसाच्या मधल्या पाणंदीत घातलं. काळी माती. पन्नास फूट गेलो असेल नसेल, पुढच्या मडगार्डमध्ये माती एवढी बसली की चाक फिरायचंच थांबलं. गाडी ढकलता येईना, उचलता येईना, मागं वळवता येईना. काडीनं, किल्लीनं, शेवटी टूलकिटातल्या पान्यानं माती काढत बसलो. एक आजोबा पाण्याची मोटर सुरू करायला चाललेले, थांबले, दोघांकडं बघितलं.

"मॅप बघून आलासा न्हवं?"

"व्हय आबा."

"गेल्या आठवड्यात मोटार आलती एक. तीबी मॅप बघूनच."

खुरपं त्यांनीच दिलं, दहा मिनिटात काम झालं, परत द्यायला गेलो तर म्हणाले राहू दे, लागंल पुढं. ते अजून डिकीत आहे. तर पाणंदीच्या तोंडाशी शंका आली की माणसाला विचारा, आणि "जातो का रस्ता?" असं विचारू नका, जातोच म्हणतात, कारण बैलगाडी जाते. "दोन दिवसात मोटरसायकल गेलीया का?" असं विचारा.

*उसाच्या ट्रॉल्या.* नोव्हेंबरपासनं मार्चपर्यंत कारखान्याच्या कुठल्याही रस्त्यावर डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर असतोच. त्याच्या टेपचा आवाज एवढा असतो की तुमचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही, हे गृहीत धरूनच ओव्हरटेक करा. दुसरी ट्रॉली वळणावर आत येते, म्हणून वळणावर शेजारी घुसायचं नाही. ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला असतो, टोक थेट तोंडावर. चढाला ट्रॉलीच्या मागं चिकटून थांबू नका, पुढचं चाक उचललं किंवा पिन तुटली तर ती मागं येते. आणि अंधार पडल्यावर तर या रस्त्यांना जाऊच नका, रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या ट्रॉलीला मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, दगड लावून ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो.

*मिसळ खाऊन निघू.* कोल्हापुरातली सगळ्यात मोठी फसवणूक ही. सातला भेटायचं, मिसळ, मग कट परत, मग चहा, मग पान, मग साडेदहा. आधी निघा, वीस-तीस किलोमीटर मारा, मग वाटेत जे मिळेल ते खा. आणि दुपारी तांबडा-पांढरा वरपून घाट चढायला जाऊ नका, झोप येते. आलीच तर लाजू नका, झाडाखाली अर्धा तास आडवं व्हा, एकानं झोपायचं, दुसऱ्यानं गाडी राखायची.

*घाटातला उतार.* गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरा, ब्रेक अधनंमधनं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

काही झालंच तर ११२, अॅम्ब्युलन्सला १०८. नेटवर्क नसेल तर एकानं जखमीजवळ थांबायचं आणि दुसऱ्यानं येणारी पहिली एसटी थांबवायची, कंडक्टर पुढच्या गावात निरोप पोचवतो.

१०. परतीचं

डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, म्हणजे पाचला तुम्ही शहराच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आत पाहिजे. लोक पडतात ते शेवटच्या टप्प्यातच, अंग दमलेलं आणि घर जवळ आल्याची घाई. आम्ही म्हणून गावात शिरायच्या आधी एकदा मुद्दाम थांबतो, पाणी पितो, तोंड धुतो. गंगावेशीत म्हशी समोर उभ्या करून धार काढून देणारा दूध कट्टा चालू असेल तर तिथं एक-एक ग्लास, फेसासकट, आणि तिथनंच आपापल्या वाटेला.

घरी गेल्यावर फोन करायचा, "पोचलो" म्हणून. मेसेज नाही, फोन. त्याच दिवशी चेनवरचा चिखल पुसून तेल सोडायचं, उद्यावर ढकललं की गंज आलाच म्हणून समजा.

आणि पहिल्याच फेरीला रविवार धरून जोतिबा-पन्हाळ्याकडं जाणार असाल तर थांबा, रविवार जोतिबाचा, वाघबीळापर्यंत गाडीला गाडी लागलेली असते. त्यात चैत्र पौर्णिमेची यात्रा असेल तर विषयच संपला. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतला एक म्हणून, त्यामुळं गर्दी आणि वाढणार. तिकडं मंगळवारी-बुधवारी रजा टाकून जा. या रविवारी खिद्रापूर धरा, सहाला निघा, आणि डबा स्टीलचा घ्या.